काचेचा घाम

मी एक अख्खा उन्हाळा काचेच्या खोलीत बसून काढला. एकटीने.

खोली नवा रायपूरमध्ये एका मोठ्या प्लॉटच्या पश्चिमेच्या कडेला होती. तिच्यामागे, जिथे पुढे उंच इमारत उभी राहणार होती, तिथे तेव्हा नुसता खड्डा होता. खड्ड्यात माणसं होती, क्रेन होती, सकाळपासून आवाज होता. त्यातलं फारसं काही माझ्यापर्यंत पोचत नसे. काच दुहेरी होती.

इमारत मिश्र वापराची: खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, वर फ्लॅट. मालकांना ती खालपासून वरपर्यंत एकाच काचेत हवी होती, म्हणजे लांबून एकसंध दिसेल. रायपुरात मे महिन्यात ज्याने पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकून पाहिलं आहे त्याला कळेल, की हे कागदावर ठरवणं सोपं आहे आणि त्याच्या आत राहणं अवघड. म्हणून खऱ्या इमारतीच्या आधी तिच्या भिंतीचा एक तुकडा बांधतात. पूर्ण मापाचा, दोन मजले उंच, मागे एक खोली. त्यात वेगवेगळ्या काचा बसवतात आणि उन्हाला त्याचं काम करू देतात. आमच्या ऑफिसात तिला सॅम्पल रूम म्हणत. साइटवरचे मजूर शीशमहल म्हणत.

काचा तीन होत्या. पहिली निळी. तिच्यावर धातूचा लेप होता आणि ती आलेलं ऊन आरशासारखं बाहेरच्या बाहेर परत फेकायची. दुसरी करडी. ती ऊन स्वतःत मुरवायची, आणि दुपारी तिच्यावर तळहात ठेवता येत नसे. तिसरी जवळजवळ साधी दिसायची. तिच्यावरचा लेप इतका पातळ, की उजेड आत येई आणि उष्णता बरीचशी बाहेर राही. पण ती महाग होती, आणि तिच्याबरोबर बाहेरून रुंद छज्जे घालावे लागणार होते. दुकानवाल्याला आतला माल रस्त्यावरून दिसायला हवा असतो. ऑफिसवाल्याला कॉम्प्युटरवर तिरीप नको असते. फ्लॅटवाल्याला सगळं दिसायला हवं असतं आणि स्वतः दिसायचं नसतं. या तिघांना एका काचेत बसवायचं होतं. मालकांचं मन निळीवर होतं, कारण ती फोटोत चांगली यायची.

यंत्रं आत-बाहेरचं तापमान आपोआप टिपत होती. पण यंत्राला डोकेदुखी होत नाही, म्हणून माणूस लागतो. पुण्यातल्या ऑफिसात आमच्या कामाचे प्रमुख, त्यांना मी सर म्हणायची, त्यांनी मला सांगितलं, “तू रायपूरचीच आहेस. तीन काचांच्या मागे आळीपाळीने बस, नेहमीसारखं काम कर, आणि काय वाटतं ते कळव.” मी आर्किटेक्चर संपवून नुकतीच लागले होते. कुठली साइट मिळते याची वाट पाहत होते. मिळाली ती खुर्ची.

दिवसा बाहेर उजेड जास्त आणि आत कमी, त्यामुळे निळी काच बाहेरून पक्का आरसा असे. आतून मात्र सगळं दिसे. पहिल्या दिवशी एक मुकादम सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला, ओठ वर करून दातांत अडकलेलं काही काढू लागला. मला वाटलं, याला कळायला हवं की इथे कोणी आहे. मी काचेवर टकटक केलं. तो जो पळाला, तो खड्ड्यापर्यंत “भूत, भूत” करतच गेला. मग मी टकटक करणं सोडलं.

लोक येत राहिले. डोक्यावरची घमेली बाजूला ठेवून बायका कुंकू नीट करायच्या. दोघी जणी पाठीला पाठ लावून कोण उंच ते बघायच्या आणि आरशात दोघींनाही मान वळवून बघता येत नसल्याने भांडायच्या. मोठ्या रस्त्यावरून जाणारे गाडीवाले थांबायचे. एकदा लग्न ठरलेलं जोडपं फोटोग्राफर घेऊन आलं. मागे निळं आकाश, पुढे निळं आकाश, मध्ये ते दोघे. नवऱ्या मुलीने कपाळ काचेला टेकवलं तेव्हा तिच्या-माझ्यात हातभर अंतर होतं. मी डब्यातली भेंडी खात होते. त्यांच्या कुठल्यातरी अल्बममध्ये मी आहे आणि दिसत नाही.

जवळच्या एका सेक्टरमधल्या फ्लॅटची एक खोली घेऊन मी राहत होते. रुंद रस्ते, रांगेने लावलेली झाडं, क्वचित येणारी बस. आई-बाबा बाबांच्या रिटायरमेंटनंतर नागपूरला भावाकडे गेले होते. रेल्वेच्या वॅगन कारखान्याच्या ज्या कॉलनीत मी वाढले, तिथली मराठी घरं एकेक करून तिकडेच गेली होती, आणि जी राहिली होती त्यांची पोरं मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर द्यायची. संध्याकाळी बाबांचा फोन येईपर्यंत दिवसभरात माझं मराठी बोलणं होत नसे. कितीतरी दिवस कुठलंच बोलणं होत नसे.

म्हणून ती बाई माझ्या लक्षात आली असं कोणी म्हणेल. म्हणू दे. ती रोज समोर होती.

निळ्या काचेसमोर, रस्त्याच्या कडेला, तिची छपरी होती. बांबू, हिरवी जाळी, वर कसल्यातरी जाहिरातीचं जुनं फ्लेक्स. चहा, भजी, सकाळी चीला, म्हणजे तांदळाचं धिरडं, आणि टोमॅटोची चटणी. छपरी तिने विचार करून बांधली होती. पश्चिमेकडे पाठ, तिथे फ्लेक्स खालपर्यंत सोडलेलं, म्हणजे दुपारचं ऊन अडेल. पूर्वेची बाजू उघडी, कारण गिऱ्हाईक साइटवरून येणार. आमची खोली उभी राहीपर्यंत हे बरोबर होतं. नंतर रोज चारच्या सुमाराला तिच्यावर पूर्वेकडून ऊन येऊ लागलं. सूर्य तिच्या पाठीशी, आणि ऊन तोंडावर. निळी काच ते तिच्याकडे फेकत होती. सूर्य जसा खाली जाई तसा तो उजेडाचा पट्टा तिच्या चुलीवरून तिच्या छातीवर, मग डोळ्यांवर चढे. ती पदर हनुवटीपर्यंत ओढून घेई, अर्धी वळून बसे, आणि झारा अंदाजाने कढईत घाली. मी एसीत होते. माझ्या खांद्यापर्यंत जे ऊन पोचायचं होतं, ते तिला देऊन मला थंड ठेवलं जात होतं.

मी पत्रकांवर वाढले. म्हणजे खरोखरच. बाबा युनियनची पत्रकं लिहायचे, विहारातल्या कार्यक्रमांचीही तेच लिहायचे. उरलेल्या प्रती आई फळ्यांवर अंथरायची, त्यांत भाकरी गुंडाळायची, त्यांच्यावर चिवडा वाढायची. तेलाने पारदर्शक झालेल्या त्या कागदांनी मला अक्षरं शिकवली. ‘अन्याय’ मला ‘अननस’च्या आधी वाचता आला. अशा घरातली मुलगी असलं काही रोज चार वाजता बघून गप्प बसत नाही. स्वतःच्या वाट्याचं ऊन दुसऱ्याच्या अंगावर ढकलून थंड राहायचं, याला मी डिझाइन म्हणत नाही. आजही नाही.

मी फोनवर सरांना लिहिलं: “निळ्या काचेचा घाम समोरच्या बाईंपर्यंत जातो. ही काच लावू नये.”

इथे मला थोडं मागे जावं लागेल. शाळेत हिंदीच्या निबंधात मी एकदा लिहिलं होतं, “दोपहर के ऊन में नहीं खेलना चाहिए.” बाईंनी सगळ्या वर्गाला ते वाचून दाखवलं आणि विचारलं, तुम्हारे घर में दोपहर को स्वेटर पर खेलते हैं क्या? हिंदीत ऊन म्हणजे लोकर, हे मला ठाऊक होतं, पण लिहिताना हात घरचा असतो. त्या दिवसापासून मी ‘ऊन’ तोंडातून काढून टाकलं. छत्तीसगढीत उन्हाला घाम म्हणतात. आजूबाजूचे सगळे म्हणायचे, मीही म्हणू लागले, आणि पुढे घरात मराठी बोलतानाही माझ्या तोंडी तेच बसलं. “घामात जाऊ नको” असं आईसुद्धा म्हणायची. घामाला आम्ही पसीना म्हणायचो. रायपूरच्या मराठीत हे चालून जातं.

सरांचं उत्तर लगेच आलं. “घाम? कधीपासून? आतून की बाहेरून?”

मला इतका आनंद झाला की मी उठून उभी राहिले. पुण्यातल्या माणसाने एका भजीवाल्या बाईची एवढी चौकशी करावी! मी लिहिलं, “बाहेरून. रोज चारनंतर. फार वाढला आहे.”

“काचेला हात लावू नकोस. माणूस पाठवतो.”

दोन दिवस मी हवेत होते. मनात अख्खं पत्रक तयार होतं, मथळ्यासकट. तिसऱ्या दिवशी भिलाईहून एक तंत्रज्ञ आला, पाठीवर पिशवी, हातात टॉर्च. आल्या आल्या त्याने निळ्या काचेच्या चारही कडा तपासायला सुरुवात केली. गुडघ्यावर बसून, शिडीवर चढून, रबराच्या पट्टीत नख घालून. मी त्याला म्हटलं, चार वाजेपर्यंत थांबा, तेव्हा दिसेल. तो थांबला. चार वाजले. समोर बाईने पदर ओढून घेतला. मी म्हटलं, बघा.

“क्या देखूँ मैडम?”

“वो. सामने.”

“सामने तो भजिया वाली है.” त्याने पुन्हा टॉर्च काचेच्या खालच्या कडेवर मारला. “पुणे से बोले हैं, दो काँच के बीच में पसीना आ रहा है. सील चला गया होगा. पर पसीना है किधर? एक बूँद तो दिखा दो.”

मला कळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तो शिडी घडी करून मोकळा झाला होता. काचेच्या धंद्यात काचेला घाम येणं म्हणजे दोन काचांमधली हवाबंद पट्टी फुटून आत दमट हवा शिरणं. तो मोठा बिघाड असतो. सरांनी बाईची चौकशी केलीच नव्हती. त्यांनी काचेची केली होती.

“इस गर्मी में तो आदमी का पसीना सूख जाता है,” तो जाताना म्हणाला, “और आप काँच का ढूँढ रही हैं.”

संध्याकाळी सरांचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला. रागावलेले नव्हते, ते जास्त वाईट होतं. “अगं, घाम म्हणजे तुला ऊन म्हणायचं होतं? मग ऊन लिही ना. आणि समोरच्या बाईंना ऊन लागतं तर एखादी मोठी छत्री घेऊन दे त्यांना. पुढच्या वेळी जरा नीट मराठीत लिही.”

मी ते तीनदा ऐकलं. नीट मराठीत. आयुष्यभर रायपुरात मला सांगत आले की तू मराठी, आणि मराठीत गेले तर तिथून हे.

बाबांचा फोन आला तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि मागून आई विचारू लागली, काय झालं.

“पोरी, पुण्याच्या माणसाले घाम लिहून पाठवला तू? तो काय समजन? काचेले पसीना!”

“हसा तुम्ही.”

“नाही हसून राहिलो. बरं सांग, त्या बाईले काय वाटते?”

“काय वाटणार? डोळे मिटून भजी तळून राहिली ती.”

“ते तुले दिसते. तिले विचारलं का म्हणतो मी.”

मी अजून तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते.

“काहून बोलून नाही राहिली? पत्रक लिहिलं का आधी ज्याच्यासाठी लिहिलं त्याले वाचून दाखवाव, मग छापाव. रुळावरच्या गँगमनसाठी लिहिलं तं गँगमनले. मी दोनदा लिहिलेलं फाडून टाकलं, माहीत आहे तुले? ते म्हणत, हे आमचं म्हणणंच नाही.”

“बाबा, तिच्या डोळ्यांत घाम जाते. यात वाचून काय दाखवायचं?”

“तुले राग आला,” बाबा म्हणाले. “जेवली का?”

दुसऱ्या दिवशी चार वाजायच्या आत मी खोलीबाहेर आले आणि पहिल्यांदाच तिच्या छपरीत जाऊन बसले. इतके दिवस मी तिला पाहत होते, आणि तिला मी नवीन होते. तिने चहा दिला. मी काचघराकडे बोट दाखवून सांगितलं, की मी तिथे आत काम करते.

“भीतर?” ती काचेकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघू लागली. “तैं रोज इहां बइठे रहिथस?” तू रोज इथे बसलेली असतेस?

“हव.”

“त मोला देखत रहेस?” म्हणजे मला बघत होतीस?

“हव.”

तिने झारा कढईच्या काठावर आपटला. मला वाटलं आता रागावेल. ती म्हणाली, “अई! आणि मी तिथे येऊन केस विंचरते, तेही?” म्हणजे तिच्या बोलीत म्हणाली. आणि मग शेजारी विटांवर बसलेल्या मजूर बाईला ओरडून, “सुन तो, ये नोनी ह भीतर ले सब ला देखत रहिथे. तोर नाचना घलो देखे होही!” तुझं नाचणंही पाहिलं असेल! ती दुसरी तोंडावर हात घेऊन उठली आणि पळाली. मला हसू आलं. खूप दिवसांनी आलं म्हणून नीट आलं नाही.

मग ऊन आलं. आता मी तिच्या बाजूला होते. आधी काचेच्या माथ्यावर एक पांढरा डाग पेटला आणि सरकत खाली उतरला, तसतसा गालाला चुलीसारखा शेक लागू लागला, डोळ्यांपुढे काळं-हिरवं नाचू लागलं. “अब्बड़ घाम हे नोनी,” ती म्हणाली, म्हणजे फार ऊन आहे पोरी, आणि पदर ओढून वळून बसली, जशी रोज बसायची.

मी तिला सांगितलं की मी ही निळी काच काढून टाकायला सांगते आहे.

पदराआडून ती म्हणाली, “काबर?” का म्हणून?

तुम्हाला त्रास होतो म्हणून, मी म्हटलं.

“रहन दे.” तिने पदर बाजूला केला, डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. “दरपन देखे बर आथें, तहां ले भजिया खाथें.” लोक आरसा बघायला येतात, मग भजी खातात. आधी साइटवरचेच येत, आता रस्त्यावरचे गाडीवाले थांबतात, फोटोवाले येतात, त्यांच्याबरोबर चार जण असतात. शहाण्या माणसाला सांगावं तसं ती हळूहळू सांगत होती. ऊन तर सगळीकडेच आहे. घरी नाही का? पण गिऱ्हाईक सगळीकडे नाही.

मी तिला विचारलं, घर कुठे? तिने मागे हात केला. तिथे तळं होतं, तळ्यापलीकडे तिचा पारा, म्हणजे वस्ती; जुन्या गावाचा तेवढाच भाग नकाशात शिल्लक राहिला होता. मी म्हटलं, या दोन मजल्यांच्या काचेचं ऊन तुमच्या चुलीपर्यंत येतं. अख्खी इमारत उभी राहिली की तिचं ऊन तळं ओलांडून तुमच्या घरात जाईल. उन्हाळाभर, रोज.

तिने भजी काढली, निथळली. “तब के तब देखबो,” ती म्हणाली. तेव्हाचं तेव्हा बघू.

मी म्हटलं, मी तरी काच काढा असंच लिहिणार आहे.

“लिख न. तोर काम हे.” आणि माझ्यापुढे बशी ठेवली.

बाबांचा नियम मी पाळला होता, उशिरा. जिच्यासाठी होतं तिला वाचून दाखवलं होतं आणि ती म्हणाली होती, हे माझं म्हणणं नाही. बाबांनी अशी पत्रकं फाडली. मी नाही फाडलं. मी त्या रात्री सरांना पुन्हा लिहिलं, यावेळी ‘ऊन’ लिहिलं, ‘परावर्तित’ लिहिलं, तळं लिहिलं, पलीकडची घरं लिहिली. छपरीतल्या बाईला काच हवी आहे, हेही लिहिलं. ते न लिहिणं खोटं झालं असतं.

सर स्वतः आले. दुपारी उशिरा पोचले, खोलीत माझ्या खुर्चीवर बसले, निळी काच फार छान वाटते म्हणाले. मग भूक लागली म्हणून आम्ही छपरीत गेलो. सरांनी पहिलं भजं तोंडात घातलं आणि डोळ्यांवर हात धरला.

“अगं, हे ऊन कुठून येतंय?”

“आपल्या काचेतून.”

“सूर्य तर मागे आहे.”

“हो.”

ते या बाजूला सरकले, त्या बाजूला सरकले. बाई म्हणाली, “साहेब, मुड़ी नवा के खाव.” मान खाली घालून खा. सरांनी मान खाली घालून भजी खाल्ली. संपल्यावर मिटल्या डोळ्यांनीच मला म्हणाले, “अच्छा. म्हणजे हा तुझा घाम.”

“हाच, सर.”

त्याच वेळी शेजारच्या मोठ्या रस्त्यावर एक गाडी काचेच्या रेषेत आली आणि ब्रेकचा आवाज झाला. गाडी थांबली, ड्रायव्हरने हात आडवा धरला, मग सावकाश निघाला. सर तिकडे बराच वेळ बघत राहिले.

निळी काच रद्द झाली. मालकांना पटवायला सरांनी जे कारण दिलं ते त्या रस्त्याचं होतं: एवढ्या रुंद रस्त्यावर गाड्यांचे डोळे दिपले तर उद्या इमारतीवर ठपका येईल. शिवाय दुकानांना पारदर्शक काच हवीच होती. तिसरी काच, बाहेरून छज्जे. तळ्याचा उल्लेख एका ओळीत होता. भजीवालीचा नव्हता. मी जिंकले होते, आणि माझ्या युक्तिवादातलं जवळजवळ काही वापरलं गेलं नव्हतं.

निळी आणि करडी काढून सगळीकडे तिसरी काच बसवली, वर छज्जाही केला. बसवणारे गेले तेव्हा चार वाजत आले होते. मी आत खुर्चीवर बसले. छपरीच्या उघड्या बाजूला सावली होती आणि सावलीच राहिली. बाईने सवयीने पदर ओढला, मग थांबली, मग सोडला. तिने मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

ती उठून आली. कपाळाला हात लावून काचेतून आत बघू लागली. खुर्ची, टेबल, पाण्याची बाटली, मी. पूर्वी ती इथेच उभी राहून भांग पाडायची. मी हात हलवला. तिचे ओठ हलले, ऐकू आलं नाही, म्हणून मी दार उघडलं.

“अतका दिन ले अकेल्ला इही म?” इतके दिवस एकटी याच्यात?

मी हव म्हटलं.

“कइसे बइठथस ओ,” ती म्हणाली. कशी बसतेस गं. आणि गिऱ्हाईक आलं म्हणून परत गेली.

ते शेवटच्या गिऱ्हाइकांपैकी होतं. साइटवरचे मजूर येत राहिले, पण काम खड्ड्याच्या पलीकडच्या बाजूला सरकत होतं आणि त्यांना तिकडचं गेट जवळ पडू लागलं. रस्त्यावरचे थांबेनासे झाले. थांबायचं कशासाठी? एक जोडपं फोटोग्राफर घेऊन आलं, काचेत मला बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि गाडीत बसून गेलं. मजूर बायका समोरून जाताना आता नीट जायच्या, मान सरळ ठेवून, जसं कोणाच्या घरासमोरून जातात.

एका सकाळी मी आले तेव्हा ती बांबू सोडत होती. मी मदतीला गेले. फ्लेक्सचं एक टोक तिने धरलं, एक मी, घडी घातली. पलीकडच्या गेटपाशी जागा मिळाली आहे, ट्रकवाले तिथे थांबतात, ती म्हणाली. मी म्हटलं, काच मी काढायला लावली.

“मालूम हे.”

“राग आला?”

“घाम नइ परे अब,” ती म्हणाली. आता ऊन लागत नाही. एवढंच. ते राग नाही असं होतं, की राग आहे असं, मला अजून ठरवता आलेलं नाही. कढई तिने डोक्यावर घेतली आणि बांबू नवऱ्याच्या सायकलला बांधले.

ती काच बरोबर होती असं मी आजही म्हणेन, कोणीही विचारलं तरी. तळ्यापलीकडच्या त्या घरांत दुपारी ऊन एकाच बाजूने येतं, आणि त्या घरांतल्या कोणाला हे कधी कळणार नाही, कारण जे आलंच नाही ते कोणाला दिसत नाही.

नव्या काचेची चाचणी अजून बाकी होती. मी रोज जात राहिले. आत उजेड छान होता, डोकं दुखत नव्हतं, अंगाला शेक लागत नव्हता. समोर चुलीच्या तीन विटा आणि तेल सांडून काळी पडलेली माती. शेवटच्या आठवड्यात सरांनी फोनवर प्रश्न पाठवले आणि मी खुर्चीवर बसून एकेकाला उत्तर दिलं. आत तिरीप? नाही. आत गरम वाटतं? नाही. बाहेर समोरच्या बाजूला ऊन परत जातं? डोळ्यांना लागेल असं नाही.

“समोरच्या कोणाची तक्रार?”

मी मान वर करून पाहिलं.

“समोर कोणी नाही,” मी लिहिलं.